दौलताबाद : एका अपुऱ्या शहराचा हिशेब

एखाद्या सरकारी कचेरीने सकाळी हुकूम काढला आणि संध्याकाळी फिरवला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला मथळा ठरलेला असतो : ‘तुघलकी कारभार’. उर्दूतही ‘तुगलकी फर्मान’ हा शब्द तितकाच रुळलेला आहे. वर्गात मध्ययुगाचा धडा आला, की मुलांना महंमद तुघलकाबद्दल दोनच गोष्टी सांगता येतात. त्याने राजधानी दिल्लीहून दौलताबादला नेली आणि परत आणली; त्याने तांब्या-पितळेची नाणी काढली आणि परत घेतली. गिरीश कर्नाडांचे ‘तुघलक’ हे १९६४ चे नाटक विजय तेंडुलकरांनी मराठीत आणले. त्यामुळे या सुलतानाच्या मनातली तगमग मराठी वाचकाला थोडीफार कळली. पण ज्या शहरासाठी हे सारे घडले ते शहर कसे होणार होते, त्याचा आराखडा काय होता आणि ते पुरे का झाले नाही, याची चौकशी आम्ही फारशी करीत नाही. महाराष्ट्रातील मुसलमानांनी तरी ती करायला हवी. आमची बोली, आमच्या खानकाहा आणि दख्खनशी जडलेले आमचे नाते, या सर्वांचा एक मोठा धागा त्या अपुऱ्या शहरात गुंतलेला आहे.

दौलताबाद मोकळ्या माळावर वसवले गेले नव्हते, ही गोष्ट आधी लक्षात घेतली पाहिजे. बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम यादवाने देवगिरीला राजधानी केली, तेव्हापासून ते नांदते नगर होते. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने, तो सुलतान होण्याआधीच, देवगिरीवर पहिली स्वारी केली. १३१८ मध्ये त्याचा मुलगा कुतुबुद्दीन मुबारक याने यादवांचे राज्य संपवून हा मुलूख दिल्लीला जोडला. त्याच वर्षीची तिथली जामा मशीद जुन्या देवळांच्या खांबांवर उभी आहे. पुढे १९४८ नंतर त्याच इमारतीत भारतमातेची मूर्ती आली. जेत्यांचा इतिहास असाच लिहिला जातो. त्यातले आपल्या सोयीचे एक पान फाडून घेण्यात अर्थ नाही. सारी पाने वाचावी लागतात.

महंमद तुघलक १३२५ मध्ये गादीवर बसला. दक्षिणेत बहाउद्दीन गुर्शास्पने बंड केले, ते मोडून काढताना दिल्लीचे राज्य किती लांब पसरले आहे हे त्याच्या ध्यानात आले. १३२७ च्या सुमारास त्याने देवगिरीचे दौलताबाद केले आणि तिला दिल्लीच्या बरोबरीची राजधानी ठरवले. हे ठिकाण राज्याच्या मध्यावर पडते, सर्व दिशांना सारख्याच अंतरावर आहे, असे कारण इतिहासकार झियाउद्दीन बरनी देतो. इब्न बतूता वेगळेच कारण सांगतो. दिल्लीचे लोक सुलतानाला शिव्यांची निनावी पत्रे लिहीत, म्हणून त्याने सूड उगवला, असे तो म्हणतो. पण बतूता दिल्लीला पोचला १३३४ मध्ये, म्हणजे स्थलांतरानंतर सहा-सात वर्षांनी. त्याने जे लिहिले ते ऐकलेले आहे. नाणी मात्र त्या काळाची आहेत, आणि त्यांवर दौलताबादचा उल्लेख ‘कुब्बतुल इस्लाम’, इस्लामचा घुमट, असा येतो. एवढे मोठे नाव सूड म्हणून कोणी देत नाही. सुलतानाला खरोखरच एक नवे महानगर उभारायचे होते.

त्या महानगराच्या आराखड्याचे वर्णन एका अरबी ग्रंथात आहे. दमास्कसचा विद्वान अल् उमरी, ज्याचे निधन १३४९ मध्ये झाले, हिंदुस्थानात कधी आला नाही. येथून जाणाऱ्या प्रवाशांना आणि विद्वानांना गाठून त्याने माहिती गोळा केली आणि ती ‘मसालिकुल अब्सार’मध्ये नोंदवली. त्यानुसार सुलतानाने शहराचे वेगवेगळे मोहल्ले आखले होते. सैन्याचा मोहल्ला वेगळा, वजीरांचा वेगळा, कातिबांचा वेगळा, काझी आणि उलेमांचा वेगळा, शेख आणि फकिरांचा वेगळा. प्रत्येक मोहल्ल्यात त्याच्या गरजेचे सारे काही असणार होते : मशिदी, मिनार, बाजार, हमाम, पिठाच्या चक्क्या, भट्ट्या आणि सर्व तऱ्हेचे कारागीर. सोनार, रंगारी आणि धोबीसुद्धा त्याच मोहल्ल्यातले. हेतू असा, की खरेदी-विक्रीसाठी एका मोहल्ल्याच्या माणसाला दुसऱ्या मोहल्ल्यात जाण्याची गरजच पडू नये. प्रत्येक मोहल्ला म्हणजे एक स्वयंपूर्ण शहर. उमरीला हे सांगणारा माणूस पुढे म्हणतो, की आपण सहा वर्षांपूर्वी तिथून निघालो तेव्हा शहर पुरे झालेले नव्हते, आणि त्याचा विस्तार इतका प्रचंड आहे, की ते अजूनही पुरे झाले असेल असे वाटत नाही.

चौदाव्या शतकातला हा आराखडा वाचून कौतुकच वाटते. पाणी, पीठ, भाकरी, नमाज, धुणे, दागिना, एवढ्या बारकाईने माणसांच्या गरजांचा विचार करणारा राजा वेडा नव्हता. वेडा म्हणून त्याला निकालात काढणे ही आमच्या पाठ्यपुस्तकी सवयीची सोय आहे. तरीही शहर झाले नाही. मग दोष कुठे होता?

बरनीने स्थलांतराचे चित्र भयाण रंगवले आहे. दिल्लीत कुत्रे-मांजरही उरले नाही, असे तो म्हणतो. आंधळ्या माणसाला फरफटत नेले आणि दौलताबादला त्याचा फक्त पाय पोचला, ही बतूताची गोष्ट तर सर्वांनी ऐकलेली आहे. या गोष्टी जशाच्या तशा घेता येत नाहीत. त्याच वर्षांत दिल्लीच्या टांकसाळीत नाणी पडत होती, आणि १३२८ चा एक संस्कृत शिलालेख दिल्लीची थोरवी गातो. हलवले गेले ते मुख्यतः दरबारी, उलेमा, मशायख आणि त्यांच्या आश्रयाने जगणारी कुटुंबे, असाच बहुतेक संशोधकांचा कल आहे. निघताना आणि पोचल्यावर सुलतानाने लोकांना सढळ हाताने दिले, हे बरनीही मान्य करतो. रस्ता कसा होता? चाळीस दिवसांची ती वाट दोन्ही बाजूंच्या झाडांमुळे बागेतून गेल्यासारखी वाटते, असे बतूता लिहितो.

पण झाडांनी सावली दिली म्हणून जबरदस्तीचे ओझे हलके होत नाही. कवी इसामी तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा होता. त्याचे नव्वदीतले आजोबा या प्रवासाला निघाले आणि पहिल्याच टप्प्यावर, दिल्लीजवळच्या तिलपतला, मरण पावले. नातू पुढे दौलताबादला पोचला, तिथेच वाढला, आणि १३५० मध्ये त्याने ‘फुतूहुस्सलातीन’ हे फारसी महाकाव्य पुरे केले. त्यात तुघलकाला त्याने कधीच माफ केले नाही. घर सुटल्याचे दुःख भरपाईच्या रकमेत मोजता येत नाही, हे त्यानंतर धरणांखाली आणि प्रकल्पांखाली गेलेल्या गावांनीही अनुभवले आहे.

शहर अपुरे राहण्याची बाहेरची कारणे सर्वांना माहीत आहेत. उत्तरेत दुष्काळ पडला. दुआबात आणि इतरत्र बंडे झाली. १३३५ मध्ये वारंगळच्या मोहिमेत साथीने सैन्य गारद झाले. सुलतानाला स्वतः उत्तरेत परतावे लागले, आणि १३३५ ते १३३७ च्या दरम्यान लोकांनाही दिल्लीला परतण्याची मुभा मिळाली. ज्याच्या इच्छेवर शहर उभे राहायचे तोच नसल्यावर बांधकाम रेंगाळले, यात नवल नाही.

आमच्या मते मूळ दोष आराखड्यातच होता. एका मोहल्ल्याला दुसऱ्याची गरज पडू नये, ही ज्या शहराची मूळ कल्पना, त्याला शहर म्हणायचे कशाला? ती शेजारी शेजारी मांडलेली पाच-सहा गावेच झाली. माणसे शहरात येतात ती एकमेकांकडे काम असते म्हणून. धोबी एका मोहल्ल्यातला, गिऱ्हाईक दुसऱ्या मोहल्ल्यातले, साबण विकणारा तिसरीकडचा. या ये-जा करण्यातूनच रस्ता वाहता राहतो. दुसरे असे, की उमरीने दिलेल्या मोहल्ल्यांच्या यादीत सैन्य आहे, वजीर आहे, काझी आहे, फकीर आहे. पण देवगिरीत पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसासाठी त्यात वेगळी जागा नाही. ज्या मातीवर शहर उभे करायचे तिथल्या माणसालाच आराखड्यात धरले नव्हते.

आणि तरीही १३४२ नंतर इब्न बतूता दौलताबादला आला तेव्हा त्याने जे शहर पाहिले, ते या आराखड्याला न जुमानणारे होते. सुलतानाची आणि सैन्याची वस्ती, ‘कटक’ नावाची दुसरी वस्ती आणि वरचा अभेद्य किल्ला, असे तीन भाग तो सांगतो. तिथल्या धनाढ्य हिंदू जवाहिऱ्यांना ‘साह’ म्हणतात, असे तो लिहितो. अंगूर आणि डाळिंबांची तारीफ करतो. सर्वांत रंगून तो वर्णन करतो ते ‘तरबाबाद’ या गवयांच्या बाजाराचे. बाजाराच्या मधोमध घुमट. तिथे गुरुवारी असरच्या नमाजानंतर गवयांचा मुखिया बसे आणि गाणे होई. याच बाजारात मशिदी होत्या आणि रमजानात तिथे तरावीह होत. एक हिंदू राजा या बाजारातून जाताना त्या घुमटाखाली थांबून गाणे ऐके, आणि एका मुसलमान सुलतानानेही तेच केले, असेही बतूता नोंदवतो. आखलेले स्वयंपूर्ण मोहल्ले अर्धवट राहिले. जिवंत राहिला तो सर्वांचे पाय लागणारा बाजार.

सुलतान परतला, तरी सारे काही परत गेले नाही. शेख निजामुद्दीन औलियांचे मुरीद बुऱ्हाणुद्दीन गरीब दख्खनमध्येच राहिले आणि १३३७ मध्ये त्यांना दौलताबादपासून काही कोसांवरच्या टेकडीवर, आजच्या खुलताबादेत, दफन केले गेले. तापीकाठचे बुऱ्हाणपूर त्यांच्याच नावाने वसले. निजामुद्दीनांच्या मजलिशींची वचने ‘फवायदुल फुआद’मध्ये टिपून ठेवणारे कवी अमीर हसन सिज्जी हेही तिथेच विसावले आहेत. या स्थलांतरात एक सात वर्षांचा मुलगाही वडिलांचे बोट धरून आला होता. वडील खुलताबादेत वारले, मुलगा तरुणपणी दिल्लीला परतला, आणि शतकाच्या अखेरीस तैमूरची स्वारी आली तेव्हा म्हातारपणी पुन्हा दख्खनकडे निघाला. गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज ते हेच. लहानपणी हुकमाने आलेला माणूस म्हातारपणी आपणहून आला, आणि १४२२ मध्ये इथल्याच मातीत विसावला.

१३४७ मध्ये दौलताबादच्या अमीरांनी तुघलकाविरुद्ध बंड करून अलाउद्दीन हसन बहमनशहाला तिथेच गादीवर बसवले. दिल्लीला बांधून ठेवण्यासाठी केलेल्या शहरातूनच दिल्लीपासून वेगळे झालेले दख्खनचे राज्य जन्माला आले! बहमनींनी राजधानी गुलबर्ग्याला नेली, पण दौलताबाद सोडले नाही. आज दुरून दिसणारा सुमारे ६३ मीटर उंचीचा चाँद मिनार हा पंधराव्या शतकात बहमनींनी उभारलेला आहे, तुघलकाने नव्हे. पुढे पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात खालच्या वस्तीचे रस्ते आणि गल्ल्या उघड झाल्या. वेरूळकडे जाणारी सडक आजही जुन्या तटाच्या दरवाजातून जाते. त्या बाहेरच्या तटाच्या आत मोठ्या भागात शहर नाही, शेते आहेत.

मग त्या शहरातून उभे राहिले ते काय? आमचे उत्तर असे, की भाषा उभी राहिली. दिल्लीच्या आसपासची हिंदवी बोलणारी माणसे मराठी, कानडी आणि तेलुगू मुलखात आली. त्यांना भाजी घ्यायची होती, घोड्याला नाल ठोकून घ्यायची होती, मुलीसाठी दाई बोलवायची होती. आराखडा काहीही म्हणो, मोहल्ल्याबाहेर पडल्याशिवाय हे होणार नव्हते. त्या देवघेवीतून दख्खनी घडली. फख्रुद्दीन निजामीची ‘कदमराव पदमराव’ ही मसनवी बहमनी काळातली, पंधराव्या शतकातली. दख्खनीच्या सर्वांत जुन्या ग्रंथांत ती गणली जाते. मराठीतला ‘नको’ आणि जोर देणारा ‘च’ हे दख्खनीने असे पोटात घेतले, की हैदराबादच्या माणसाला ते आपलेच वाटतात. हे दोन लहान शब्द कोणत्याही शिलालेखाइतके भरवशाचे आहेत. ज्याच्याशी रोज बोलणे होते त्याच्याकडूनच माणूस ‘नको’ म्हणायला शिकतो.

हे एकतर्फी नव्हते. निजामशाहीत दौलताबादच्या किल्ल्यावर अधिकारी असलेल्या जनार्दनस्वामींकडे पैठणचा एकनाथ शिकायला आला. गुरूंची समाधी आजही किल्ल्यावर आहे. त्याच एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला आणि दख्खनी-हिंदुस्थानीत भारुडे रचली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. अठराव्या शतकात शाह तुराब चिश्तींनी रामदासांच्या मनाच्या श्लोकांचा आदर्श पुढे ठेवून दख्खनीत ‘मन समझावन’ रचले. आणि १७०० मध्ये औरंगाबादचा वली दिल्लीला गेला, पुढे १७२० च्या सुमारास त्याचा दीवान तिथे पोचला, तेव्हा फारसीत लिहिणारे दिल्लीचे शायर आपल्या बोलीत गझल लिहू लागले. तुघलकाने दिल्ली दौलताबादला आणली होती. चारशे वर्षांनी दौलताबादच्या परिसराने दिल्लीला तिची भाषा परत केली. उर्दू माध्यमात शिकवणारे आम्ही शिक्षक ज्या भाषेची भाकरी खातो, तिच्या पिठात या मुलखातले धान्यही दळलेले आहे.

येथे आमच्या नागपूरचा दाखला देणे अप्रस्तुत होणार नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा औरंगजेबाच्या दरबारी गेला, त्याने इस्लाम स्वीकारला, आणि नंतर त्याच मोगलांविरुद्ध बंडही केले. १७०२ मध्ये त्याने नागपूर वसवले ते राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या एकत्र जोडून. त्याने आधीपासून असलेल्या वाड्यांमध्ये रस्ते काढले, आणि हिंदू-मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसे, शेतकरी आणि कारागीर बोलावले. त्याच्या मागून चाँद सुलतानने तट आणि जुम्मा तलाव बांधला, ज्याला आज गांधीसागर म्हणतात. पुढे भोसल्यांचे राज्य आले. उत्तरेतून आलेले मोमीन विणकर मोमिनपुऱ्यात आणि कामठीत मागावर बसले, तेव्हा त्यांचे सूत एका पेठेतून येई आणि लुगडे दुसऱ्या पेठेत जाई. ताजुद्दीन बाबांना रघुजीराव भोसल्यांनी शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात ठेवून घेतले होते, हे नागपुरात कोणाला सांगावे लागत नाही. दौलताबादला आराखडा आधी होता आणि माणसे नंतर आणली गेली. नागपुरात माणसे आधी होती, राजाने त्यांच्यामधले अंतर तेवढे कमी केले. ते शहर तीनशे वर्षे वाढत राहिले.

आता वाढत आहे ते ते अंतर. मार्च २०२५ मध्ये खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवण्याची मागणी जोरात आली. १७ मार्चला नागपूरच्या महाल भागात निदर्शने झाली, अफवा पसरल्या, आणि संध्याकाळी दगडफेक आणि जाळपोळ होऊन ती हंसापुरीपर्यंत पोचली. अनेक भागांत संचारबंदी लागली. एका माणसाचा जीव गेला. जिथे हे घडले त्या महालातच बख्त बुलंदच्या वंशजांचा किल्ला आहे आणि भोसल्यांचा वाडाही आहे. त्या दिवसांत खुलताबाद हे नाव नागपुरातल्या शाळकरी मुलांच्याही तोंडी गेले, पण एका बादशहाच्या थडग्याचे गाव म्हणून. त्याच टेकडीवर बुऱ्हाणुद्दीन आहेत, अमीर हसन आहेत, गेसूदराजांचे वडील आहेत, हे ना निदर्शने करणाऱ्यांना माहीत होते, ना दारे लावून घरात बसलेल्या आमच्यापैकी अनेकांना. इतिहास न वाचण्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली.

प्रत्येक दंगलीनंतर काही कुटुंबे ‘आपल्या’ वस्तीत राहायला जातात. भीती खरी असते, त्यांना दोष देता येत नाही. दुसऱ्या वस्तीत घर भाड्याने मिळत नाही, हेही खरे. पण त्यातून होते काय, तर वस्तीतच शाळा, वस्तीतच दवाखाना, वस्तीतच दुकान, वस्तीतच लग्नाचे सभागृह. दुसरीकडे जाण्याची गरजच नको, आणि दुसऱ्यांना इकडे येण्याचे कारण नको. तुघलकाला हुकूम काढूनही जे पुरे करता आले नाही, ते आम्ही सारे मिळून बिनहुकमी पुरे करत आणले आहे. बाहेरच्यांनी आमच्याभोवती भिंत घातली, ही तक्रार आम्ही जरूर करू. पण आतून एकेक वीट आम्हीही लावतो आहोत की नाही, हे तपासल्याशिवाय त्या तक्रारीला जोर येणार नाही.

आमच्या हातात वर्ग आहे, तेवढ्यापुरते बोलू. उर्दू शाळेतला मुलगा दहावीपर्यंत मराठी एक विषय म्हणून शिकतो, गुण मिळवतो, आणि बस कंडक्टरशी बोलताना अडखळतो. मराठी शाळेतल्या मुलीला उर्दू ही परक्या मुलखातली भाषा वाटते. दोघांनाही कोणी सांगितलेले नसते, की या दोन भाषा सातशे वर्षे एकाच बाजारात उभ्या आहेत. मराठीचा तास उर्दू शाळेत परीक्षेपुरता राहू नये. जवळच्या मराठी शाळेबरोबर वर्षातून एखादे स्नेहसंमेलन एकत्र व्हावे. वेरूळची सहल निघतेच. त्यात दौलताबादला चाँद मिनारपाशी छायाचित्र काढून मुले परततात. त्याऐवजी त्यांना जनार्दनस्वामींची समाधी दाखवावी, मग खुलताबादला बुऱ्हाणुद्दीन गरिबांच्या दर्ग्यात न्यावे, आणि परतताना बाहेरच्या तटाच्या आतली शेते दाखवून सांगावे, की इथे एक मोठे शहर व्हायचे होते. ते का झाले नाही, हे मुलांनी आपसांत शोधू द्यावे. आणि घरी आपली दादी ‘नक्को’ म्हणते तो शब्द कुठून आला, एवढे त्यांना विचारावे.